साप्ताहिक सुटी रद्द

१९४८च्या कारखाने अधिनियमाने एक सरळ हिशेब घालून दिला होता. दिवसाला ९ तासांवर किंवा आठवड्याला ४८ तासांवर राबवून घेतलंत, तर वरच्या तासांना दुप्पट मजुरी मोजा. गिरणगावातल्या साचेवाल्याला हा हिशेब तोंडपाठ होता.

तीनच वर्षांनी, १९५१ साली, मुंबई पोलीस कायदा आला. आज त्याला आपण महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतो. त्याच्या कलम २८ प्रमाणे प्रत्येक पोलीस कायम कामावर आहे असंच समजायचं आणि राज्यात कुठेही त्याला कामाला लावायचं. एकदा माणूस कायम कामावर आहे असं ठरलं की जादा काम नावाची गोष्टच उरत नाही. म्हणून शिपायाच्या तासांचा हिशेब नाही आणि त्याला ओव्हरटाइमही नाही. साप्ताहिक सुटी कागदावर आहे, पण वरून एक फोन आला की ती रद्द.

हे कलम का केलं, ते मला पटतं. दंगल, पूर, रेल्वे अपघात पाळी बघून येत नाहीत. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री मुंबईचे पोलीस घड्याळ न बघता धावले. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी दहशतवादी कसाबच्या रायफलची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली आणि जीव दिला. अशा रात्रींसाठी कलम २८ हवंच. कुठलाही हवालदार त्याविरुद्ध बोलत नाही.

माझं भांडण वेगळ्या गोष्टीशी आहे. संकटासाठी केलेलं हे कलम आपण रोजच्या टंचाईसाठी वापरतो. भरती रखडली म्हणून हजर असलेल्याला दुप्पट उभं करा. मंत्र्यांचा दौरा ठरला म्हणून त्याची सुटी काढा. मोर्चा लांबला म्हणून रात्रपाळी करून निघालेल्याला परत बोलवा. रिकाम्या पदाचं काम हजर माणसाकडून फुकट करून घ्यायचं, ही आता तात्पुरती सोय राहिलेली नाही. सरकार कोणत्याही पक्षाचं असो, गृहखात्याचा गाडा याच फुकटच्या तासांवर चालतो.

जुलै २०२३ आठवा. मुंबई पोलीस दलात शिपाई आणि चालक मिळून सुमारे १० हजार पदं रिकामी आहेत, हे सरकारनेच कागदावर मान्य केलं. तोडगा काय निघाला? महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळाचे ३ हजार जवान ११ महिन्यांसाठी घ्यायचे. विधिमंडळात गदारोळ झाला. ही पोलिसांची कंत्राटी भरती नाही, नवे शिपाई तयार होईपर्यंतची व्यवस्था आहे, असा खुलासा झाला. खुलासा मान्य करू. पण १० हजार पदं एका रात्रीत रिकामी होत नाहीत. कोण कोणत्या महिन्यात निवृत्त होणार, हे तो नोकरीला लागतो त्या दिवशी सेवापुस्तकात लिहिलेलं असतं. पोलीस खात्यात एवढी अचूक आगाऊ माहिती दुसऱ्या कशाचीच मिळत नसेल. तरीही दर वेळी खड्डा पडल्यावरच धावपळ होते.

आणि माणसं मिळत नाहीत म्हणावं, तर तसंही नाही. २०२४च्या भरतीत १७,४७१ जागा होत्या आणि अर्ज आले साडेसतरा लाखांच्या वर. एका जागेमागे शंभर तरुण! त्यांत पदवीधर होते, अभियंते होते, बीड-लातूर-गडचिरोलीहून रात्रीच्या गाडीने येऊन मैदानाबाहेरच्या फुटपाथवर झोपलेली मुलं होती. जूनच्या दमट हवेत धावताना काही उमेदवारांचा जीव गेला. त्यानंतर ऑगस्ट २०२५मध्ये मंत्रिमंडळाने आणखी सुमारे १५ हजार पदांच्या भरतीला मान्यता दिली. मान्यता, जाहिरात, मैदान, लेखी, वैद्यकीय, चारित्र्य पडताळणी, मग प्रशिक्षण केंद्र. मान्यतेच्या बातमीपासून शिपाई प्रत्यक्ष ठाण्यात उभा राहीपर्यंत फार काळ जातो, आणि तेवढ्या काळात दर महिनाअखेरीला ठाण्याठाण्यांत निरोपसमारंभ होतच राहतात. भरती दर वर्षी ठरलेल्या महिन्यात का होत नाही, याचं उत्तर आजवरच्या एकाही गृहमंत्र्याने दिलेलं नाही.

आता पगार.

सातव्या वेतन आयोगानुसार शिपायाचं सुरुवातीचं मूळ वेतन २१,७०० रुपये आहे. वर महागाई भत्ता आणि इतर भत्ते. सरकारी नोकरी म्हणून बघितलं तर आकडा वाईट नाही, आणि पोलिसांनी पगाराचा विषय काढला की हेच ऐकवलं जातं. मग भागाकार करू. महिन्याला २६ दिवस आणि दिवसाला ८ तास धरले, तर मूळ वेतनाचा दर पडतो तासाला १०४ रुपये. दिवसाचे तास १४ करा, चारही सुट्या काढून घ्या, म्हणजे ३० दिवस. दर येतो ५२ रुपयांच्या आत. जवळजवळ निम्मा. भत्ते मिळवले तरी दोन्हीकडे सारखेच मिळतील आणि निम्म्याचं निम्मंच राहील. म्हणजे वेतन आयोगाने जे दिलं, ते ड्युटीच्या तक्त्याने परत घेतलं.

१४ तास हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. कॉमन कॉज आणि लोकनीती-सीएसडीएस यांनी २०१९ साली देशभरातल्या पोलिसांशी बोलून अहवाल काढला. त्यात पोलिसांच्या कामाची सरासरी दिवसाला १४ तास निघाली. दोनांतल्या एकाने सांगितलं की आठवड्याची सुटी मिळतच नाही. त्याच्याही आधी, २०१४ साली, केंद्राच्याच पोलीस संशोधन व विकास ब्युरोसाठी हैदराबादच्या प्रशासकीय महाविद्यालयाने पाहणी केली होती. ठाण्यातल्या दहांपैकी नऊ जण ८ तासांहून जास्त काम करतात आणि जवळपास तीन चतुर्थांश लोकांना महिन्यातून एकदाही सुटी घेता येत नाही, असं तिथे निघालं. कित्येक वर्षं हे कागद सरकारदरबारी पडून आहेत. ते खोटे आहेत असं कोणी म्हणालेलं नाही.

“पण त्यांची वरकमाई?” हा प्रश्न येणारच. माझ्याच घरात जेवताना येतो. जो घेतो त्याला लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने पकडावं, बडतर्फ करावं, तुरुंगात टाकावं. त्याच्यासाठी माझ्याकडे एक शब्दही नाही. पण ठाण्यात मुद्देमाल सांभाळणारा हवालदार कोणाकडून घेणार? दिवसभर संगणकावर गुन्ह्यांची माहिती भरणारी महिला शिपाई? बेवारस मृतदेहाच्या शवविच्छेदनासाठी शवागाराबाहेर नाक दाबून थांबलेला अंमलदार? आरोपीला तुरुंगातून कोर्टात आणि कोर्टातून परत तुरुंगात नेणारी तुकडी? त्यांचेही तास तेवढेच असतात. आणि समजा एखादा घेतोच, तरी ‘तो घेतो, म्हणून आम्ही सुटी देत नाही’ हे कोणत्याही सरकारचं वेतनधोरण असू शकत नाही. असलंच, तर मग लाचेला सरकारची मूक संमती आहे असं स्वच्छ म्हणावं लागेल.

कामाच्या वाढीबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण बाहेरच्यांना ती दिसत नाही.

१ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष अधिनियम असे तीन नवे कायदे लागू झाले. त्यांतल्या बऱ्याच तरतुदी मला मनापासून हव्या होत्या. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण झालंच पाहिजे. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी यावं. गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्याने तक्रार घ्यावी. ऑनलाइन तक्रार आली तर तीन दिवसांत तक्रारदाराची सही घ्यावी. तपास कुठवर आला ते ९० दिवसांत तक्रारदाराला कळवावं. नागरिकाच्या बाजूने बघितलं तर हे सगळं उत्तम आहे.

हे करणार कोण? तोच उपनिरीक्षक, तोच त्याचा मदतनीस. एका घरफोडीचा पंचनामा घ्या. पूर्वी दोन पंच, कागद, पेन, टेप एवढ्यावर काम व्हायचं. आता त्याच्या जोडीला चित्रीकरण, ते नीट चढवणं, नेटवर्क नसेल तर पुन्हा धडपड, वस्तूवर मोहोर, चित्रीकरण हा इलेक्ट्रॉनिक पुरावा असल्याचं प्रमाणपत्र, न्यायवैद्यक पथकाची वाट बघत घटनास्थळ राखून ठेवणं. प्रत्येक पायरी योग्य आहे आणि प्रत्येक पायरीला वेळ लागतो. कायद्याने पायऱ्या वाढवल्या, माणसं वाढवली नाहीत. अटक केली की २४ तासांत कोर्टात उभं करायचं, त्याआधी सरकारी रुग्णालयात वैद्यकीय तपासणीची रांग. दोषारोपपत्राची ६० किंवा ९० दिवसांची मुदत डोक्यावर, ती चुकली की आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो आणि ‘पोलिसांनी सोडला’ म्हणून मथळा येतो.

त्यात सायबर गुन्हे आले. १९३० या मदत क्रमांकावर फोन लागला, पैसे वेळीच गोठले, तर ठीक. नाहीतर ठाण्यात येतो तो कुणी निवृत्त शिक्षक. ‘डिजिटल अटके’च्या धाकाने त्याने भविष्यनिर्वाह निधी दुसऱ्याच राज्यातल्या खात्यात पाठवलेला असतो, आणि तिथून तो तासाभरात वीस-पंचवीस खात्यांत फुटलेला असतो. त्या प्रत्येक बँकेला पत्र, प्रत्येक सिमकार्डामागे कंपनीला पत्र, उत्तरांची वाट. एका अधिकाऱ्याच्या हाताखाली असे गठ्ठे साचतात, आणि मधूनच दुपारी निरोप येतो: सगळे बंदोबस्ताला चला.

या बंदोबस्ताचं वर्षभराचं कॅलेंडर करून बघा. दहीहंडी, गणपती, ईद, नवरात्र, ६ डिसेंबरची चैत्यभूमी, ३१ डिसेंबरची रात्र, शिवजयंती, आंबेडकर जयंती, आषाढीची वारी. मधे अधिवेशनं, तीही दोन मुंबईत आणि एक नागपुरात. २०२४मध्ये लोकसभा आणि विधानसभा एकाच वर्षात झाल्या. २०२७मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरचा कुंभमेळा आहे. अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीवर उभा असलेला हवालदार दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत हलत नाही. त्याच्या घरचा गणपती शेजारी विसर्जन करून येतात. महिला शिपायांचे हाल तर बोलण्यापलीकडचे आहेत. भरतीत ३० टक्के आरक्षण आहे, त्या संख्येने येताहेत, आणि बंदोबस्ताच्या जागी स्वच्छतागृह नसतं म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत. हे राज्याच्या राजधानीत घडतं, आणि त्यासाठी वेतन आयोगाची गरज नाही. एक फिरतं स्वच्छतागृह लागतं.

आणि क्रिकेट. आयपीएलचे सामने हा नफ्याचा धंदा आहे. तिथे पोलीस लावायचे तर आयोजकांनी शुल्क भरायचं, हा नियम योग्यच. शुल्काची थकबाकी कोटींत गेली. मग २०२३ साली सरकारने शुल्कच कमी केलं, आणि ती कपात मागच्या तारखेने, थेट २०११पासून लागू केली. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं तेव्हा न्यायालयानेही सरकारला जाब विचारला. शिपायाच्या सुटीच्या दिवसाची किंमत बाजारात ठरली होती, ती वसूल करायची होती, आणि सरकारने ती दुसऱ्याला सोडून दिली. ज्याचा दिवस गेला त्याला कोणी विचारलं नाही. मागच्या तारखेने सवलत क्रिकेटच्या आयोजकांना देता येते, तर मागच्या तारखेने बुडालेल्या सुट्यांचा मोबदला शिपायाला का देता येत नाही?

यात तुमचं-माझं काय जातं? बरंच जातं. सोळा तास उभा राहिलेला माणूस तुमची तक्रार ऐकायला बसतो, तेव्हा त्याला ती संपवायची घाई असते. मारहाणीची तक्रार अदखलपात्र करून कागद हातात ठेवला की एक काम कमी. मोबाइल चोरीला गेला असेल तर ‘हरवला’ असं लिहून घेतलं की तपास नको. नवऱ्याने मारलेल्या बाईला ‘घरी जा, समजुतीने घ्या’ सांगितलं की रात्र निभावली. पोलिसाच्या थकव्याची किंमत ठाण्याच्या बाकावर बसलेला माणूस चुकवतो, आणि त्यांतही ज्याला कोणाची ओळख नाही तो जास्त चुकवतो. दमलेला हात लाठीही लवकर उचलतो. थकवा हे त्या लाठीचं समर्थन नव्हे. मारणाऱ्यावर कारवाई झालीच पाहिजे. पण त्याला सलग सोळा तास उभं करणाऱ्याचं नाव त्या चौकशीत कधीच येत नाही.

हे बदलता येतं, आणि याचा पुरावा मुंबईतल्या देवनारमध्ये आहे. २०१६ साली देवनार पोलीस ठाण्यातल्या एका शिपायाने आठ तासांच्या तीन पाळ्यांचा आराखडा तयार केला. वरिष्ठाने नव्हे, सल्लागार कंपनीने नव्हे, एका शिपायाने. तेव्हाचे पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो टेबलावर घेतला, वाचला आणि त्याच ठाण्यात मे महिन्यात सुरू करून दाखवला. आहे त्याच मनुष्यबळात! पुढच्या काही महिन्यांत एकेक करत शहरभरच्या ठाण्यांपर्यंत तो पोचला. शिपायाची मुलं बापाला दिवसाउजेडी बघायला लागली. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांतली मुंबई पोलीस दलातली ही सगळ्यात मोठी सुधारणा होती. एकही नवं वाहन नाही, एकही कॅमेरा नाही, फक्त माणसाच्या झोपेचा विचार.

मग ती मोडली कशी? कोणी आदेश काढून मोडली नाही. रिकामी पदं वाढत गेली, बंदोबस्त वाढत गेले, एखाद्या ठाण्यात ‘आजच्या दिवस थांबा’ झालं, ते रोजचं झालं. नंतर करोनाची साथ आली. त्या काळात ५५ वर्षांवरच्यांना घरी थांबायला सांगावं लागलं, राज्यात शेकडो पोलीस मृत्युमुखी पडले, उरलेल्यांनी नाकाबंदीत दिवसरात्र काढली, आणि आठ तास कुठे गेले ते कोणी शोधलं नाही. सप्टेंबर २०२१मध्ये तेव्हाचे पोलीस महासंचालक संजय पांडे यांनी महिला पोलिसांसाठी आठ तासांचा निर्णय घेतला. चांगला निर्णय. पण तोही त्या त्या घटकप्रमुखाच्या इच्छेवर आणि उपलब्ध संख्येवर तरंगत राहिला. अधिकारी चांगला आला की आठ तास, बदलून गेला की बारा. हक्क असा एका माणसाच्या बदलीवर टांगलेला नसतो. तो शासन निर्णयात आणि अर्थसंकल्पात असावा लागतो.

काहीच झालं नाही असं मी म्हणणार नाही. २०२२मध्ये नैमित्तिक रजा १२ वरून २० केल्या. पोलीस नाईक हे पद काढून बढतीची साखळी आखूड केली, त्यामुळे शिपाई म्हणून लागलेल्याला निवृत्तीआधी उपनिरीक्षकाचे तारे दिसू लागले. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोल्यांत पिढ्या काढलेल्या पोलीस कुटुंबांना ५०० चौरस फुटांचं घर मिळणार. त्याची किंमत आधी ५० लाख सांगितली होती, मग २५ आणि ओरड झाल्यावर १५ लाख. स्वागत आहे. पण ही कुटुंबं सव्वादोन हजारांच्या आसपास. बाकीच्यांतले कित्येक बदलापूर, टिटवाळा, कसारा, विरारहून येतात. बारा तासांच्या ड्युटीला लोकलचे चार तास जोडा. आणि २० रजांचं म्हणाल, तर रजा वाढवून मिळते ती अर्जावर. मंजूर करायला ठाण्यात माणूस लागतो.

मग हे सगळं पोलीस स्वतः का मांडत नाहीत? कारण त्यांना मनाई आहे. राज्यघटनेचं कलम ३३ संसदेला पोलिसांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालू देतं. १९६६च्या कायद्याने त्यांना परवानगीशिवाय कामगार संघटनेत जाता येत नाही, वर्तमानपत्राशी बोलता येत नाही. महाराष्ट्रात एकदा शिपायांची मान्यताप्राप्त संघटना होती. तिचं काय झालं ते नव्या पिढीच्या शिपायांनाही नीट ठाऊक नसतं.

१९८२ साल. मुंबईत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप चालू होता. बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री होते. शिपायांच्या मागण्या होत्या पगाराच्या, घराच्या, आणि साहेबांच्या घरची कामं करायला लावू नका ही एक. १५ ऑगस्टला त्यांनी काळ्या फिती लावल्या. १८ ऑगस्टच्या पहाटे सरकारने संघटनेची मान्यता काढली आणि पुढाऱ्यांना उचललं. शहर पेटलं. वरळी-नायगावच्या पोलीस वसाहतींतून लोक रस्त्यावर आले, लोकल थांबल्या, दुकानं लुटली गेली, लष्कर बोलवावं लागलं. अनेक जण बडतर्फ झाले. त्या दिवसाचं मला समर्थन करायचं नाही. ज्याच्या हाती बंदूक आहे त्याने शहर वेठीला धरू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. पण त्या दिवसाचा धडा सरकारने अर्धाच घेतला. संघटना मोडली. पगार, घर आणि साहेबांच्या बंगल्यावरची कामं हे तिने मांडलेले प्रश्न तसेच राहिले. त्याच्या आधीच, १९७९मध्ये, धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने आपला पहिलाच अहवाल शिपायाच्या पगारावर, घरावर आणि तक्रार मांडायच्या वाटेवर दिला होता. तो वाचून अंमलात आणला असता तर कदाचित ती पहाट आलीच नसती.

संघटना असली की शिस्त जाते, हा युक्तिवाद मला पटत नाही. केरळात शिपायांची पोलीस असोसिएशन आहे, तिच्या निवडणुका होतात, आणि केरळ पोलीस देशात नावाजलेले आहेत. आयपीएस अधिकाऱ्यांचीही संघटना आहे. तिथे शिस्तीचा प्रश्न येत नाही, तो बक्कल नंबर लावणाऱ्यांपाशीच येतो. शेजारच्या कर्नाटकात जून २०१६मध्ये पोलिसांनी सामुदायिक रजेची हाक दिली. सरकारने दडपशाही केली, पण नंतर राघवेंद्र औरादकर समिती नेमली आणि तिच्या शिफारशींवर २०१९मध्ये पगारात सुधारणाही केली. आपल्याकडे तेही नाही. इथे शिपाई गप्प, म्हणून बायका पोरं कडेवर घेऊन मंत्र्यांच्या दारात उभ्या राहतात. ऑगस्ट २०१६मध्ये खारला वाहतूक हवालदार विलास शिंदे यांच्या डोक्यात बांबू घालून त्यांना मारलं गेलं, तेव्हाही पोलीस कुटुंबांतल्या बायकाच बोलल्या.

तक्रारी मांडायला महिन्यातला दरबार असतो की, असं अधिकारी सांगतील. असतो. समोर ज्याच्या सहीवर आपली बदली आहे तो साहेब, आणि उठून ‘सर, सुटी मिळत नाही’ म्हणायचं. किती जण म्हणतील?

संघटना उद्या मिळणार नाही, हे मी जाणतो. पण तोवर एक गोष्ट प्रत्येक आमदाराला करता येईल आणि त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही. येत्या अधिवेशनात आपल्या मतदारसंघातल्या प्रत्येक ठाण्याबद्दल लेखी प्रश्न टाका: मंजूर पदं किती, हजर किती, गेल्या १२ महिन्यांत साप्ताहिक सुट्या किती रद्द झाल्या आणि त्यांतल्या किती भरून दिल्या? उत्तर गोळा करायला समिती लागणार नाही. ड्युटी लावणाऱ्या हवालदाराच्या वहीत ते रोजच्या रोज नावानिशी लिहिलेलं असतं. आणि उत्तर आलं की पुढचा प्रश्न अर्थमंत्र्यांना: या रद्द झालेल्या दिवसांचे पैसे कोणत्या लेखाशीर्षातून देणार?